चर्चचं नवं कॉलेज, टुरिस्ट व्हिसा आणि अजून न उभी राहिलेली लॅब

पत्र

मी ऐरोलीत राहते. वय ३६. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. आणि सेट (राज्याची प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) झालं आहे. आठ वर्षं ठाण्यातल्या दोन कॉलेजांत सीएचबीवर, म्हणजे घड्याळी तासावर, शिकवते आहे. तासाचे पैसे मिळतात, सुट्टीत काही नाही, आणि दर जूनमध्ये पुन्हा मुलाखत. आता युगांडातल्या एका नव्या कॉलेजकडून लेक्चररच्या जागेसाठी पत्र आलं आहे. कंपालापासून तीन तासांवर, तिथल्या चर्चच्या आधाराने मागच्या वर्षी सुरू झालेलं कॉलेज आहे. महिना ९०० डॉलर, कॅम्पसवर घर, दोन वर्षांचा करार. पहिल्या वर्षाला ६० मुलं आहेत. लॅबची खोली बांधून झाली आहे, आत काही नाही. 'तुम्हीच येऊन उभी करा,' म्हणतात. सत्र ऑगस्टमध्ये सुरू होतं, म्हणून टुरिस्ट व्हिसावर या, परवाना इथे आल्यावर करू, असंही लिहिलं आहे. आम्ही ख्रिश्चन नाही. घरी सासूबाईंना धर्माची काळजी वाटते. यजमान महापेला नोकरीला आहेत, मुलगी चौथीत आहे. जावं का? गेले तर काय काय विचारून घ्यावं? आणि तिथला अनुभव इथे धरला जाईल का?

एक वाचक, ऐरोली

उत्तर

ताई, तुमच्या पत्रात धोक्याचं वाक्य एकच आहे: टुरिस्ट व्हिसावर या. त्याला आजच, नम्रपणे पण लेखी, नाही म्हणा. बाकी सगळ्यावर बोलणी होऊ शकतात, यावर नाही.

टुरिस्ट व्हिसावर पगारी काम करता येत नाही. तुम्ही वर्गात उभ्या राहिलात आणि तपासणी झाली तर अडचणीत तुम्ही सापडता, कॉलेज नंतर. शिवाय परवाना नसताना पगारपत्रकात रीतसर नाव लागत नाही, कर भरल्याची नोंद होत नाही, बँकेत खातं उघडताना अडतं. कॉलेजच्या मनात वाईट असतं असं नाही. परवान्याला आठवडे लागतात आणि सत्राची तारीख जवळ आलेली असते, म्हणून घाईत असं लिहिलं जातं. कामाचा परवाना तिथल्या नागरिकत्व आणि इमिग्रेशन संचालनालयाकडे मागायचा असतो. अर्ज ऑनलाइन होतो, तो कॉलेजने करायचा, आणि त्याची फी कॉलेजने भरायची हे करारात हवं. मंजुरीचं पत्र हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका.

घाईवर तुमच्याकडूनच एक तोडगा सुचवा. पहिले चार-पाच आठवडे थिअरी ऐरोलीतून व्हिडिओवर शिकवते, प्रॅक्टिकल आल्यावर सलग घेते. युगांडाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तिथला सकाळी नऊचा तास म्हणजे तुमचे साडेअकरा. सीएचबीचे तास सकाळचे असतील तर दोन्ही जमेल. कॉलेजला खरोखर शिक्षक हवा असेल तर हे त्यांना आवडेल, आणि परवान्यावर कोण किती धावपळ करतं तेही तुम्हाला त्या काळात दिसेल.

आता कॉलेजच्या मान्यतेकडे. युगांडात उच्च शिक्षणाची राष्ट्रीय परिषद आहे, नॅशनल कौन्सिल फॉर हायर एज्युकेशन. २००१ च्या कायद्याने ती आली. खासगी विद्यापीठाला तिच्याकडून तीन पायऱ्यांनी जावं लागतं: आधी तयारीसाठी अंतरिम अधिकारपत्र, मग तात्पुरता परवाना, शेवटी सनद, म्हणजे चार्टर. नव्या कॉलेजकडे चार्टर नाही म्हणून घाबरू नका. मुकोनोचं युगांडा ख्रिश्चन युनिव्हर्सिटी १९९७ मध्ये जुन्या बिशप टकर थिऑलॉजिकल कॉलेजातून विद्यापीठ झालं. इमारती होत्या, मागे चर्च ऑफ युगांडा होतं, तरी चार्टर २००४ मध्ये मिळाला. दुसऱ्या वर्षातल्या कॉलेजकडून त्याची अपेक्षाच धरायची नाही.

तात्पुरता परवाना मात्र असलाच पाहिजे. आणि संस्थेच्या परवान्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे तुम्ही शिकवणार तो अभ्यासक्रम स्वतंत्रपणे मान्य झालेला हवा. तिथे प्रत्येक कोर्सची वेगळी मान्यता लागते आणि मान्य कोर्सची यादी परिषद प्रसिद्ध करते. तुमच्या कोर्सचं नेमकं नाव त्या यादीत शोधा. कॉलेज दुसऱ्या विद्यापीठाशी जोडलेलं असेल तर पदवीवर सही कोणाची असणार, हे विचारा आणि त्या विद्यापीठाचं पत्र मागा.

मुंबई विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती नव्या कॉलेजला यायची असली की काय धांदल उडते, ते तुम्ही पाहिलं असेल. शिक्षकांची यादी हवी, लॅब हवी, पुस्तकं हवीत. तिथली परिषदही हेच तपासते. त्यामुळे असंही घडतं की शिक्षकांचे बायोडेटा आणि संमतिपत्रं मान्यतेच्या अर्जासाठी आधी गोळा केली जातात आणि नोकरी मान्यता आली तरच उभी राहते. यात फसवणूक असेलच असं नाही, पण तुमचा राजीनामा किंवा मुलीच्या शाळेचा दाखला त्यावर अवलंबून असता कामा नये. तुमच्याकडे ६० मुलं आधीच शिकत आहेत असं लिहिलंय, तेव्हा पुढचा प्रश्न सरळ विचारा: ही मुलं आज कोणत्या मान्य कोर्सला बसली आहेत? उत्तर गोलमोल आलं तर थांबा. मान्यता नसलेल्या कोर्सात त्या मुलांची वर्षं जातात, आणि ते ओझं शिकवणाऱ्याच्या मनावरही राहतं.

पैशांचं पाहू. ९०० डॉलर हा एकूण पगार आहे की हातात येणारा, हे पत्रात नाही. फरक मोठा आहे. तिथे पगारातून कर कापला जातो. महिन्याला २,३५,००० शिलिंगपर्यंत कर नाही, मग चढत जाऊन ४,१०,००० शिलिंगच्या वर ३० टक्के. त्याखेरीज एनएसएसएफ हा त्यांचा भविष्य निर्वाह निधी: ५ टक्के तुमचे, १० टक्के मालकाचे. हिशोबापुरते डॉलरला ३,७०० शिलिंग धरले तर ९०० डॉलर म्हणजे ३३,३०,००० शिलिंग. त्यावर कर सुमारे ९,०१,०००, निधीचे १,६६,५००. हातात उरतात २२,६२,००० च्या आसपास, म्हणजे साधारण ६१० डॉलर. तेव्हा करारात 'कर आणि निधी वजा जाता हातात इतके' असा आकडा लिहून घ्या. पगार डॉलरमध्ये ठरून शिलिंगमध्ये मिळणार असेल तर कोणत्या दिवसाचा, कोणत्या बँकेचा दर, हेही त्याच ओळीत.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा पगार येतो कुठून. चर्चचा आधार म्हटलं की आपल्याला वाटतं मागे भक्कम हात आहे. असतोही. पण देणगीदार मंडळी इमारतीला देतात, बोअरवेलला देतात, बसला देतात, जिथे पाटी लागते आणि फोटो पाठवता येतो. दरमहाच्या पगाराला देणगी क्वचित मिळते. पगार निघतो फीमधून, आणि फी येते हप्त्याहप्त्याने. परीक्षेला बसण्याआधी फी पूर्ण भरावी लागते, त्यामुळे मोठा भरणा परीक्षेच्या तोंडावर होतो. म्हणून नव्या कॉलेजात पगार रखडतो तो सत्राच्या मधल्या महिन्यांत आणि लांब सुट्टीत. हे समजून चार प्रश्न विचारा. फी भरलेली मुलं किती? पगारी माणसं किती? तूट आली तर डायोसिस (बिशपच्या हाताखालचा चर्चचा विभाग) भरून देईल असं लेखी आहे का? निदान तीन महिन्यांच्या पगाराची गंगाजळी वेगळी ठेवली आहे का? चौथ्याचं उत्तर 'नाही' आलं तरी जाऊ शकता, पण मग तीन महिन्यांचा खर्च तुमच्या स्वतःच्या खात्यात हवा.

परतीचं तिकीट करारात असं हवं: करार कोणीही संपवला तरी, कारण काहीही असलं तरी, ठाण्याला परत यायचं भाडं कॉलेज देईल. नुसतं 'दोन वर्षं पूर्ण केल्यावर तिकीट' असं असेल तर बदलून घ्या. दोन वर्षांचा करार ठीक आहे, फक्त पहिल्या वर्षाअखेर तीन महिन्यांच्या नोटिशीने बाहेर पडायची सोय मागा, आणि आपणहून लिहून द्या की सत्राच्या मध्ये सोडणार नाही. नव्या कॉलेजात केमिस्ट्रीला दुसरं माणूस नसतं. मधेच शिक्षक गेला तर ६० मुलांचा विषय बुडतो. तुमचं हे वाक्य त्यांना कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा मोलाचं वाटेल. प्रोबेशन त्यांच्या कायद्याने जास्तीत जास्त सहा महिन्यांचं असतं, संमतीने आणखी सहा महिने वाढतं. त्या काळातही घर आणि परतीचं तिकीट लागू आहे ना, ते पाहा.

पत्रात 'पगार' हाच शब्द आहे की 'मानधन' किंवा 'भत्ता', तेही पुन्हा वाचा. चर्चच्या संस्थांत दोन प्रकारची माणसं काम करतात. एक नोकरदार, दुसरे सेवेला आलेले स्वयंसेवक, ज्यांचा खर्च त्यांच्या मायदेशातलं चर्च उचलतं. दोघांच्या परवान्यांत आणि हक्कांत फरक पडतो. एकाच टेबलावर बसून तोच विषय शिकवणाऱ्या दोघांचे करार वेगळे असू शकतात. तुमचा परवाना नोकरदाराचाच हवा.

मधे एजंट असेल तर तो परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का ते ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. त्याला घेता येणारी फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी. युगांडा ईसीआर देशांच्या (जिथे कामाला जाताना काहींना सरकारी परवानगी लागते त्या) यादीत नाही, आणि पदवीधर म्हणून तुमच्या पासपोर्टवर तो शिक्का नसणारच, म्हणून एमिग्रेशन क्लिअरन्सचं काम नाही. कुणी त्यासाठी पैसे मागितले तर देऊ नका.

सासूबाईंची काळजी हसण्यावारी नेऊ नका, पण तिचं उत्तर आपल्या आसपासच आहे. विल्सन कॉलेज १८३२ पासून स्कॉटिश मिशनऱ्याच्या हाताने उभं राहिलं. नगर कॉलेज १९४७ मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी काढलं. वाशीच्या फादर अॅग्नेलमध्ये तर तुमच्या ओळखीतली किती मुलं शिकली असतील. यांत शिकवणारे, शिकणारे सगळ्या धर्मांचे आहेत. चर्चचा आधार म्हणजे धर्मांतर नव्हे.

तरी कॉलेज-कॉलेजात फरक असतो आणि तो कागदावर दिसतो. काही संस्था नेमणुकीच्या वेळी श्रद्धेचं निवेदन सही करून मागतात: मी अमुक मानते, तमुक मानते. काहींना फक्त वागणुकीचे नियम पाळलेले हवेत: कॅम्पसवर दारू नाही, पोशाख साधा, सकाळच्या प्रार्थनेला हजेरी. पहिल्या प्रकारचा कागद आला तर सही करू नका. जे मानत नाही ते मानते म्हणून लिहून देणं तुमच्यावरही अन्याय आणि त्यांच्यावरही. 'मी हिंदू आहे, संस्थेच्या प्रार्थनेचा आदर राखीन, पण निवेदनावर सही करू शकणार नाही,' असं आधीच कळवा. बरीच कॉलेजं हे मान्य करतात. जी करत नाहीत ती प्रामाणिकपणे नाही म्हणतील, आणि ते आत्ता कळलेलं बरं. दुसरा प्रकार असेल तर अडचण नाही. तिथे बैठकीची, परीक्षेची, अगदी लॅबच्या उद्घाटनाचीही सुरुवात प्रार्थनेने होते. उभं राहून शांत असलं की पुरतं. कॅम्पसच्या घरात छोटा देव्हारा ठेवला, गणपतीत दिवा लावला तर चालेल का, हेही विचारून ठेवा. प्रश्न लहान वाटतो, पण घरमालक संस्था असल्यावर तो लेखी झालेला चांगला.

आता लॅब. इथे तुमची खरी गरज आहे आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. नेहमीची चूक म्हणजे आपल्या कॉलेजातल्या लॅबची यादी तशीच्या तशी उतरवून पाठवायची. मग पैसे संपतात, ओव्हन येतो आणि ब्युरेटी, म्हणजे द्रव मोजून थेंबाथेंबाने सोडायच्या काचेच्या नळ्या, येत नाहीत.

६० मुलांच्या २० च्या तीन बॅच करा. पहिल्या सत्रात टायट्रेशन, गुणात्मक तपासण्या आणि साधं ऑरगॅनिक, एवढंच ठेवा. एका बॅचला लागणारं सामान मोजा, त्यावर पाचवा हिस्सा फुटण्यासाठी धरा. ५० मिलीच्या ब्युरेटी २४, १० मिलीची पिपेटं २४, पिपेट भरायचे रबरी फुगे २४, कारण तोंडाने ओढायला पहिल्या दिवसापासून बंदी हवी. कोनिकल फ्लास्क ५०, १०० मिलीचे बीकर ४८, प्रमाणित फ्लास्क १०० मिलीचे २४ आणि एक लिटरचे चार, स्टँड आणि क्लॅम्प २०. टेस्ट ट्यूब ३०० मागवा, त्या मोजून संपतात.

ब्युरेटी घेताना काचेच्या चावीच्या घेऊ नका, पीटीएफईच्या, म्हणजे टेफ्लॉनच्या, पांढऱ्या चावीच्या घ्या. काच घासलेल्या सांध्यात सोडियम हायड्रॉक्साइड राहिलं की ते काच खातं आणि चावी अडकून बसते. ती सोडवताना ब्युरेट तुटते. ठाण्यात तुटली तर दुसऱ्या दिवशी नवी येते. तिथे पुढच्या सत्रापर्यंत थांबावं लागेल.

रसायनांचा अंदाज लोक भलताच जास्त धरतात. ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे द्रावणाची ताकद मोजायचं एकक) सोडियम हायड्रॉक्साइडला लिटरला ४ ग्रॅम लागतात. एका मुलाला धुण्यासकट १०० मिली, म्हणजे बॅचला दोन लिटर, तिन्ही बॅचना सहा लिटर, २४ ग्रॅम. ५०० ग्रॅमची बाटली दोन वर्षं पुरेल, झाकण घट्ट राहिलं तर. त्या हवेत उघडी राहिली तर गोळ्या पाणी ओढून चिकट होतात आणि वजन खोटं निघतं. म्हणून एकच मोठी बाटली न घेता १०० ग्रॅमच्या पाच मागवा. द्रावणाची खरी ताकद ऑक्झॅलिक आम्लाने काढायची: ०.१ नॉर्मलसाठी लिटरला ६.३ ग्रॅम, २५० मिली केलं तर १.५७५ ग्रॅम. हे मुलांकडूनच करून घ्या. तयार द्रावण बाटलीतून ओतून दिलं तर निम्मा विषय शिकवायचा राहून जातो. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल ०.१ नॉर्मलला लिटरमागे साधारण साडेआठ मिली पुरतं.

आम्लं, सॉल्व्हंट, कोणतीही रसायनं बॅगेत नेऊ नका, विमानात चालत नाहीत. पाऱ्याचा थर्मामीटरही नाही, स्पिरिटचा घ्या. रसायनं कंपालातून कॉलेजनेच मागवायची. अॅसेटिक अनहायड्राइड हे अमली पदार्थांच्या कायद्याखाली नियंत्रित आहे, त्याला परवानगी आणि वेळ लागतो. म्हणून अॅस्पिरिन बनवायचं प्रॅक्टिकल पहिल्या वर्षी धरू नका. विषारी वाफा बाहेर खेचणारं फ्यूम कपाट नसेपर्यंत हायड्रोजन सल्फाइडचं ग्रुप अॅनालिसिस आणि नायट्रेशनही नको. त्याऐवजी तिथल्याच बाजारातून होणारं घ्या: व्हिनेगरमधलं आम्ल, संत्र्यातलं क जीवनसत्त्व आयोडीनने, विहिरीच्या पाण्याचा जडपणा ईडीटीएने, पानातले रंग कागदावर वेगळे करणं, कसाव्याच्या पिठातला स्टार्च. इंडिकेटर संपला तर जास्वंदीच्या फुलाचा अर्क चालतो, आणि त्यावर एक तास छान रंगतो.

दोन गोष्टी ठाण्यात असताना लक्षात येत नाहीत. कंपाला समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटरवर आहे. तिथे पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळतं. उकळबिंदूच्या प्रॅक्टिकलला मुलं ९६ लिहितील आणि पुस्तकात १०० असेल. थर्मामीटर चुकीचा म्हणून फेकू नका, मुलांना दाबाचा हिशोब करायला लावा. दुसरं, तराजू. डिजिटल तराजू वजन मोजतो ते गुरुत्वाकर्षणावरून, आणि विषुववृत्ताजवळ उंचीवर ते थोडं कमी असतं. मुंबईत बरोबर लावलेला तराजू तिथे १०० ग्रॅमला सुमारे ९९.९१ दाखवेल. त्यामुळे कॅलिब्रेशनचं प्रमाणित वजन सोबत हवं आणि पोचल्यावर तराजू पुन्हा लावायचा. पहिल्या वर्षी मिलिग्रॅमपर्यंत मोजणारे दोन तराजू पुरेत. मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंतचा महागडा तराजू हादरे न लागणारा ओटा आणि स्थिर वीज असल्याशिवाय नुसता शोभेला राहतो.

डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र घेण्याआधी पाण्याचा आणि विजेचा विचार करा. प्रत्येक लिटरमागे थंड करायला दहा लिटर किंवा जास्त पाणी वाहून जातं, आणि वीज गेली की काम थांबतं. वाहून जाणारं कोमट पाणी टाकीत साठवून भांडी धुवायला वापरायची सोय बांधकामातच करून घ्या. आणि सिंकचं पाणी कुठे जातं ते स्वतः चालत जाऊन पाहा. बोअरवेल जवळ असेल तर लॅबचा निचरा वेगळ्या खड्ड्यात हवा. धातूंची द्रावणं तर सिंकमध्ये नकोतच, त्यांना रुंद तोंडाची बाटली ठेवा.

मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवर एक दिवस घालवून बॅगेत बसेल तेवढं घ्या: कॅलिब्रेशनचं वजन, जादा पीटीएफई चाव्या, रबरी फुगे, संरक्षक चष्मे, मॉलिक्यूल मॉडेलचे दोन संच. पावत्या कॉलेजच्या नावाने आणि पैसे आधी. स्वतःच्या खिशातून लॅब भरायला सुरुवात केली की ती सवय दोघांनाही लागते.

कागदपत्रांना वेळ लागतो, ती आजपासून सुरू करा. ट्रान्सक्रिप्टसाठी मुंबई विद्यापीठाचं कलिन्याचं परीक्षा भवन. सेटचं प्रमाणपत्र पुणे विद्यापीठाचं असतं, त्याची पडताळणी वेगळी. पदवीच्या साक्षांकनाचा नेहमीचा क्रम राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग दिल्लीतलं युगांडा उच्चायुक्तालय असा असतो. त्यांना नेमक्या कोणत्या कागदांवर कोणता शिक्का हवा हे कॉलेजकडून लेखी घ्या, नाहीतर सगळी फाइल दोनदा फिरते. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेच्या पोर्टलवरून, फी ५०० रुपये. मूळ पदव्या केबिन बॅगेत ठेवा, आणि तिथे पासपोर्ट कुणाच्याही कपाटात जमा करू नका. परवान्याच्या शिक्क्यासाठी दिलात तर पोच घ्या.

पीतज्वराची लस घेतल्याशिवाय युगांडात प्रवेश नाही, आणि तिकडून परतताना प्रमाणपत्र नसेल तर आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस सरकारने ठरवलेल्या केंद्रावरच घ्यावी लागते, मुंबईत ती आहेत. प्रमाणपत्र लशीनंतर दहाव्या दिवसापासून लागू होतं आणि आता आयुष्यभर चालतं. मलेरिया तिथे वर्षभर असतो. प्रतिबंधक गोळी कोणती आणि किती दिवस हे डॉक्टरांशी ठरवा. मच्छरदाणी रोजची, आणि ताप आला की त्याच दिवशी रक्ततपासणी. पॅरासिटामॉल घेऊन दोन दिवस वाट पाहायची आपली सवय तिथे जिवावर बेतू शकते. परतल्यावरही वर्षभरात ताप आला तर ऐरोलीच्या डॉक्टरांना युगांडाचं आवर्जून सांगा. इथला मेडिक्लेम तिथे चालत नाही. कॉलेजचा विमा आहे का आणि गंभीर आजारात नैरोबीला हलवायचा खर्च त्यात आहे का, ते विचारा.

घर व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा. नळ सोडून दाखवा म्हणावं, खिडक्यांना जाळी आहे का पाहावं. शेंगदाणे, तांदूळ, कडधान्यं मिळतात, डाळी आणि मसाले कंपालात मिळतात. गोडा मसाला, आमसूल आणि कुकरच्या दोन जादा गास्केट न्या. प्लग ब्रिटिश पद्धतीचे, जाड चौकोनी पिनांचे.

मुलीला पहिल्या सत्रात नेऊ नका. तिथलं शालेय वर्ष फेब्रुवारी ते डिसेंबर, तीन टर्मचं. ऑगस्टमध्ये गेली तर शेवटच्या टर्ममध्ये जाऊन पडेल. तुम्ही घर, पाणी, दवाखाना आणि शाळा पाहून घ्या. न्यायचंच ठरलं तर जानेवारीत न्या. यजमान आले तर त्यांना आश्रित पास मिळू शकतो, पण त्यावर नोकरी करता येत नाही.

अनुभवाचं खरं सांगायला हवं. २०१८ च्या यूजीसी नियमावलीत पूर्वीची सेवा मोजताना भारतातली आणि परदेशातली दोन्ही धरता येतात. अटी आहेत: पद समकक्ष हवं, पात्रता यूजीसीच्या खाली नको, निवड समितीमार्फत नेमणूक हवी. कंत्राटी सेवेला आणखी एक अट आहे, एकूण पगार नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण पगाराहून कमी नसावा. इथला मूळ पगारच ५७,७०० पासून सुरू होतो, वर महागाई भत्ता. ९०० डॉलर त्यात बसणं कठीण. तेव्हा बढतीच्या हिशोबात ही दोन वर्षं मोजली जातील हे गृहीत धरून जाऊ नका. मुलाखतीत मात्र रिकाम्या खोलीतून लॅब उभी केली याला वजन आहे. त्यासाठी जाहिरात, निवड समितीच्या मुलाखतीचं पत्र, नेमणूकपत्र आणि दर महिन्याची पगारपावती जपून ठेवा.

नोकरीसाठी देश सोडला आणि आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलात तर तुम्ही करासाठी अनिवासी. बँकेला कळवून बचत खातं एनआरओ (अनिवासींचं खातं) करून घ्यावं लागेल. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं. युगांडात कापलेल्या कराचं प्रमाणपत्र आणि एनएसएसएफचा सदस्य क्रमांक पहिल्याच महिन्यात मागा, कायमचं परतताना दावा त्यावर करायचा असतो.

मत विचारलंत तर: मान्य कोर्सच्या यादीत नाव दिसलं, नोकरदाराच्या परवान्याचं मंजुरीपत्र आलं, आणि हातात येणारा पगार व परतीचं तिकीट करारात उतरलं, तर जा. हे तिन्ही एकाच ईमेलमध्ये मागा आणि सोबत तुमची पहिल्या सत्राची सामानाची यादी जोडा, आकड्यांसकट. आणि त्याच ईमेलमध्ये आत्ता तिथे शिकवत असलेल्या एका शिक्षकाशी बोलायची वेळ मागून घ्या. त्यांना एकच विचारा: मागच्या सत्रात कोणत्या महिन्याचा पगार कोणत्या तारखेला मिळाला?